झाशीहून गोवा : कॅसिनोच्या सहलीत पैसा नेमका कुठे जातो?

झाशी छावणी : हिवाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की झाशीतील सैनिकी व रेल्वे वसाहतींत गोव्याच्या सहलीचे बेत आखले जातात. नेवाळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही गोव्याची ओढ असतेच. अलीकडे या बेतात समुद्रकिनाऱ्यासोबत मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांचाही समावेश होऊ लागला आहे. कॅसिनोचे ‘पॅकेज’ वरकरणी स्वस्त वाटते. तथापि त्या पॅकेजमागील कर आणि शक्यतेचे गणित फारच थोडे पर्यटक निघण्यापूर्वी मांडतात.

देशात कॅसिनोला कायदेशीर मुभा मोजक्याच ठिकाणी आहे. गोव्यात 1976 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना परवानगी मिळाली आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोचा मार्ग मोकळा झाला. सिक्कीममध्ये स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनो कायदा केला होता. परंतु तो एकदाही अमलात न आणता 2023 मध्ये रद्द करण्यात आला. उत्तर प्रदेशात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे झाशीकरांसाठी कॅसिनो म्हणजे व्यवहारतः गोवाच, आणि तेथवरचा प्रवास सुमारे 1,800 किलोमीटरचा.

बचतीची पहिली संधी याच प्रवासात आहे. हजरत निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस भोपाळ, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव या मार्गाने जाते, तर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कोकण रेल्वेने मडगाव गाठते. दोन्ही गाड्या झाशीला थांबतात. आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीत केवळ प्रवासभाडे मिळते, हॉटेल व स्थानिक फिरणे स्वखर्चानेच करावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. मडगावहून पणजीला कदंब महामंडळाची बस टॅक्सीच्या तुलनेत कितीतरी स्वस्त पडते. हॉटेलच्या खोलीचे दिवसाचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर 5 टक्के आणि त्याहून अधिक असेल तर 18 टक्के लागतो. म्हणजे 7,400 आणि 7,600 रुपयांच्या खोल्यांतील खरा फरक दोनशेचा नव्हे, तर जवळजवळ 1,200 रुपयांचा असतो.

खरी मेख मात्र कॅसिनोच्या दारात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 40 टक्के झाला आहे. हा कर प्रवेश तिकिटावर आहे, तसाच खेळण्यासाठी विकत घेतलेल्या टोकनांच्या पूर्ण मूल्यावरही आहे. 10,000 रुपयांची टोकने घेतली की त्यावर 4,000 रुपये कर झाला. खेळणाऱ्याने एकही डाव न खेळता ती टोकने परत केली, तरी नियमानुसार परत दिलेली रक्कम करपात्र मूल्यातून वजा होत नाही. हा भार चालक सोसतो की टोकनांतून कापून घेतो, हे पैसे देण्यापूर्वीच काउंटरवर स्पष्ट विचारलेले बरे.

याच नियमातून बचतीचा एक मार्ग निघतो. जिंकलेली रक्कम काढून न घेता पुढच्या डावात लावली तर तिच्यावर पुन्हा हा कर लागत नाही. याउलट टोकने मोडून रोख घेतली आणि तासाभराने पुन्हा टोकने विकत घेतली, तर दुसऱ्यांदा कर भरावा लागतो. त्यामुळे जेवढी रक्कम गमावण्याची तयारी आहे तेवढ्याचीच टोकने एकदा घ्यावीत आणि ती संपली की उठावे, हा व्यवहार सर्वांत कमी खर्चाचा ठरतो.

टेबलावरचे गणित त्यामानाने सौम्य, पण अटळ असते. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर 37 घरे असतात आणि घराचा वाटा 2.70 टक्के असतो; दोन शून्ये असलेल्या चाकावर तोच 5.26 टक्के होतो. 500 रुपयांचे 40 डाव म्हणजे एकूण 20,000 रुपयांची बाजी. पहिल्या चाकावर त्यात सरासरी 540 रुपये जातात, दुसऱ्यावर 1,050 हून अधिक. हा आकडा सरासरीचा आहे, एका रात्रीच्या दैवाचा नव्हे. बकारातमध्ये ‘बँकर’वर घराचा वाटा 1.06 टक्के, तर आठपट परतावा देणाऱ्या ‘टाय’वर 14 टक्क्यांहून अधिक असतो. मोठ्या परताव्याचे आमिष जेथे अधिक, तेथे घराचाही वाटा बहुधा अधिक.

पॅकेजमध्ये जेवण, मद्य आणि काही रकमेची खेळण्याची कुपने दिली जातात. ही कुपने बहुधा रोखीत बदलता येत नाहीत. ती फक्त टेबलावर लावायची असतात. मद्य अमर्याद मिळते, आणि कॅसिनोच्या साऱ्या आतिथ्यात पाहुण्याला सर्वांत महाग पडते ते हेच. कारण हिशेबाचे भान सुटायला तेथून आरंभ होतो. सप्ताहअखेरपेक्षा सोमवार ते गुरुवारचे दर साधारणतः कमी असतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर्वत्रच दर चढलेले असतात.

21 वर्षांखालील व्यक्तीला खेळाच्या दालनात प्रवेश नाही. त्यामुळे मुलांसह गेलेल्या कुटुंबाला संध्याकाळ वाटून घ्यावी लागते. पणजी–बेती फेरीबोटीतून पायी प्रवाशाला भाडे पडत नाही आणि मांडवीतील दिव्यांनी उजळलेली जहाजे त्या बोटीतूनही दिसतात. बहुतेक मुलांना तेवढे पुरते. खेळावरचा ताबा सुटत चालल्याचे जाणवल्यास टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

एवढे करूनही कोणी जिंकलाच, तर प्राप्तिकर वाट पाहत असतो. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर व त्यावर 4 टक्के उपकर आहे. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा त्याला लागू होत नाही आणि खर्चाची वा हरलेल्या रकमेची वजावटही मिळत नाही. 10,000 रुपयांहून मोठ्या जिंकलेल्या रकमेवर उद्गम करकपात होते. अशा वेळी पॅन क्रमांक बरोबर नोंदवून कपातीचा पुरावा मागून घ्यावा. विवरणपत्र भरताना तो जुळवून पाहावा लागतो.