माहिती चौकट : वास्तुरचना आणि अध्यापन

अभ्यासक्रम ते नोंदणी
• बी. आर्क. : ५ वर्षे, १० सत्रे. प्रवेशासाठी बारावी किंवा दहावीनंतरची ३ वर्षांची पदविका, दोन्हींत गणित आवश्यक. प्रवेश परीक्षा ‘नाटा’ (२००६ पासून) किंवा जेईई मेनचा बी. आर्क. पेपर.
• कायदा : आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२. नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे.

फरक ओळखा
• आर्किटेक्ट : कौन्सिलकडे नोंदणी असेल तरच ही उपाधी लावता येते (कलम ३७).
• डिझायनर : या नावाने काम करायला नोंदणी लागत नाही. कलम ३७ उपाधीला संरक्षण देते, कामावर बंदी घालत नाही : सर्वोच्च न्यायालय, २०२०.
• अभ्यागत अध्यापक : स्वतःचा व्यवसाय सांभाळून ठरावीक तास शिकवतो. तरुण वास्तुरचनाकारांचा अध्यापनातला प्रवेश बहुधा इथूनच.
• स्टुडिओ : डिझाइनचा मुख्य तास. विद्यार्थी आराखडे व मॉडेल मांडतात, शिक्षक प्रत्येकाच्या टेबलाशी बसून दुरुस्त्या सुचवतात. अखेरीस बाहेरच्या परीक्षकांसमोर ‘ज्युरी’.

मुंबईत घाटकोपरहून महाविद्यालयांकडे
• मध्य रेल्वेने सीएसएमटी : सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय.
• दादरमार्गे प्रभादेवी : रचना संसदेची अकॅडमी ऑफ आर्किटेक्चर (१९५५).
• मेट्रो १ ने (८ जून २०१४ पासून) डी. एन. नगर, पुढे जुहू : कमला रहेजा विद्यानिधी संस्था (१९९२).

वास्तुरचना आणि अध्यापन दोन्ही करणारे
• क्लॉड बॅटली : जे. जे.मध्ये प्राध्यापक, मुंबई सेंट्रल स्थानकाचे (१९३०) रचनाकार.
• बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) : जन्म पुणे, शिक्षण जे. जे. अहमदाबादेत १९६२ मध्ये वास्तुकला विद्यालय स्थापन. प्रित्झ्कर पुरस्कार, २०१८.