रात्री दीडला सुटलं, सकाळी साडेसहाला पोचलं?

डिसेंबरात आमच्या गटातल्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला निघाल्या. डिंकाचे लाडू झाले, बाळाची दुपटी शिवून झाली, 12 तारखेच्या संध्याकाळची जीपही ठरली. तिकिटावर होतं 12 तारीख, 01:30. दोन दिवस आधी आम्ही सहज तिकीट हातात घेतलं आणि चरकलोच! रात्री बाराला तारीख बदलते. म्हणजे 12 तारखेचे दीड वाजतात ते 11 तारखेचं रात्रीचं जेवण उरकल्यावर. त्यात परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं. मावशी 11 च्या रात्री साडेदहालाच मुंबई विमानतळावर हव्यात. जीपवाल्याला लगेच फोन लावला.

मग मावशींची दुसरी शंका. "पोचायची वेळ त्याच दिवशी सकाळी साडेसहा. पाचच तास? तेवढे तर एसटीलाही लागतात!"

गंमत अशी की तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे. तिथे सकाळचे साडेसहा, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच. म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊचा.

अंतर आहे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेच्या वेगानं चौदा तास व्हायला हवेत, मग जास्त का? एक भोपळा घ्या. देठाकडच्या अर्ध्या भागात, समोरासमोरच्या अंगांना दोन टिकल्या लावा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आडवा जात नाही, देठाकडे चढतो. पृथ्वीवर जवळची वाटही तशीच, उत्तरेकडून. पण त्या वाटेवरचं सगळं आकाश मोकळं नसतं. 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यांना वळसा पडला. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येताना बहुधा तासभर कमी लागतो.

घरच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की विमान उडाल्यापासून पंधरा-सोळा तास फोन लागणार नाही. आमच्या मावशींचे यजमान पहाटे चारपासूनच फोन लावत बसले होते!

जाणारीनं अधूनमधून उठून चार पावलं चालावं, पाणी पीत राहावं. बसून बसून पाय सुजतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि घड्याळ साडेदहा तास मागे गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची, ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.