हिरवळीखालचे पाणी

मुंबईस गेलेली मुले मलबार टेकडीवरील बाग पाहिल्यावाचून सहसा परतत नाहीत. मुंबई नगरपालिकेच्या कारभाराची घडी बसविणारे सर फिरोजशहा मेहता यांचे नाव या बागेस दिलेले आहे. परंतु लोक तिला 'हँगिंग गार्डन' म्हणूनच ओळखतात. कापून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे पाहत मुले तेथील हिरवळीवर बागडतात. आपण एका प्रचंड टाकीच्या छपरावर खेळत आहोत, हे मात्र त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते.

एके काळी मुंबईची तहान विहिरी व तलाव भागवीत. धोबीतलाव, सी. पी. टँक ही नावे त्या दिवसांची आठवण देतात. लोकवस्ती वाढली, तसे हे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून पुरा झाला व दुरून नळाने पाणी आले. परंतु नळातून पाणी सतत येत राहते. लोकांना मात्र ते ठरावीक वेळी एकदम हवे असते. म्हणून ते साठवून ठेवावे लागते. अशी साठवण उंचावर केली, की पाणी आपल्याच भाराने खालच्या वस्तीकडे धावते. मलबार टेकडी या कामी सोयीची ठरली. तेथील टाकीत आज सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. फोर्ट, गिरगाव इत्यादी भागांतील घरांना ते पुरविले जाते.

शुद्ध केलेले पाणी उघडे ठेवून कसे चालेल? त्यात धूळ व पक्ष्यांची विष्ठा पडेल, सूर्यप्रकाशाने शेवाळ माजेल. म्हणून टाकीवर छत घातले. छतावर माती पसरून हिरवळ लावली, की खालचे पाणी उन्हाने तापत नाही आणि वर नागरिकांस बाग मिळते. मात्र अशा छतावर मोठे वृक्ष लावता येत नाहीत. त्यांचा भार छतास पेलत नाही व मुळे बांधकामात शिरतात. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही अशीच टाकी असून तिच्यावरील उद्यानास लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव आहे.

शतकाहून अधिक काळ सेवा केलेली मलबार टेकडीची टाकी आता जुनी झाली आहे. ती नव्याने बांधण्याचा विचार पुढे आला. त्यासाठी आसपासची शेकडो झाडे जाणार, हे कळताच नागरिकांनी हरकत घेतली. पाणी तर हवेच. पण सावलीही हवी! मग काय करावे? तज्ज्ञ मंडळींनी टाकीचा कप्पा रिकामा करवून आत उतरून पाहणी केली. दुरुस्तीने काम भागेल, असे त्यांपैकी अनेकांचे मत पडले. टाकीचे कप्पे वेगवेगळे असल्यामुळे एक रिकामा असता दुसऱ्यांतून शहरास पाणी देता येते, ही पूर्वीच्या बांधणाऱ्यांची दूरदृष्टी येथे उपयोगी पडली.

मुलांनो, डोळ्यांस दिसणाऱ्या फुलांची आपण स्तुती करतो. ती योग्यच आहे. परंतु न दिसणाऱ्या वस्तूंवरच शहराचे जीवन चालते. पुढे कधी त्या हिरवळीवर बसाल, तेव्हा पायांखालच्या पाण्याचे स्मरण ठेवा. आणि घरी आल्यावर नळ आठवणीने बंद करा.