फवारणी पंपाच्या पेट्रोलमध्ये ऑईल कोणते आणि किती?



सोयाबीन फुलावर आलेले असते. चार दिवसांची झड संपून उघडीप मिळालेली असते. पानावर अळी दिसू लागलेली असते आणि पुन्हा आभाळ भरून येण्याआधी फवारणी उरकायची असते. नेमका अशा वेळी पाठीवरचा पेट्रोल पंप आचके देतो, आवाज बदलतो आणि थांबतो. दोरी ओढावी तर ती हलतही नाही. मिस्त्री सांगतो, "पिस्टन चिकटला, इंजिन जाम झालं." सुटे भाग येईपर्यंत आठवडा जातो आणि तोवर अळीने आपले काम केलेले असते.

मालेगाव तालुक्यात मेडशी, शिरपूर, किन्हीराजा अशा कोणत्याही गावी गेलात तर असा एखादा पंप घराच्या कोपऱ्यात पडलेला दिसेल. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलचा असतो. ऑईल चुकीचे पडते, कमी पडते, किंवा घालायचेच राहून जाते. म्हणून या साध्या पण महागात पडणाऱ्या गोष्टीचा आज नीट विचार करू.

ऑईल पेट्रोलमध्येच का?

ट्रॅक्टरच्या किंवा आजच्या मोटारसायकलच्या इंजिनात ऑईलची जागा वेगळी असते. तेथे ऑईल फिरत राहते आणि ठरावीक काळाने आपण ते बदलतो. टू-स्ट्रोक इंजिनात अशी वेगळी जागा नसते. पेट्रोल आणि हवा क्रँकच्या खोलीतूनच सिलिंडरमध्ये जातात. जाताना पेट्रोलमधले ऑईल बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती यांना वंगण देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जाते.

म्हणजे या ऑईलला दोन कामे करावी लागतात. जळण्याआधी वंगण द्यायचे आणि जळताना मागे राख ठेवायची नाही. ही दोन कामे नीट करणारे ऑईल मुद्दाम वेगळे बनवलेले असते. त्यालाच आपण टू-टी ऑईल म्हणतो.

आधी आपले इंजिन ओळखा

आता बाजारात फोर-स्ट्रोक पंपही पुष्कळ आले आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. इंजिनाच्या अंगाला ऑईल भरण्याचे वेगळे बूच असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्याच्या टाकीत निव्वळ पेट्रोल घालावे आणि इंजिन ऑईल त्याच्या जागी भरावे. असे वेगळे बूच नसेल आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर २५:१ किंवा ५०:१ असा आकडा असेल तर ते टू-स्ट्रोक.

एकाच घरात पंप टू-स्ट्रोक आणि गवत कापण्याचे यंत्र फोर-स्ट्रोक, असेही असते. मिश्र पेट्रोल फोर-स्ट्रोकमध्ये गेले तर धूर होईल, प्लग काळा पडेल. ते निस्तरता येते. पण निव्वळ पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेले तर काही मिनिटांतच इंजिन संपते. म्हणून दोन डबे ठेवा आणि एकावर रंगाने मोठा पट्टा ओढा. पट्ट्याचा डबा ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा, हे घरातल्या सर्वांना आणि फवारणीला येणाऱ्या मजुरालाही सांगून ठेवा.

कोणते ऑईल घ्यावे?

ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे ऑईल पेट्रोलमध्ये घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेले नसते. त्यातली काही द्रव्ये जळून राख होते. ती प्लगवर आणि पिस्टनवर साचते आणि रिंगा चिकटतात. ट्रॅक्टरमधून काढलेले काळे ऑईल तर मुळीच नको. त्यात झिजलेल्या धातूचा बारीक कीस असतो. फुकट मिळाले म्हणून ते घालणे म्हणजे पिस्टनला आपल्या हाताने पॉलिश कागद लावणे.

टू-टी ऑईल घेताना बाटलीमागचा मजकूर पाहा. जपानी मोटार मानकांची 'जासो' ही खूण तेथे बहुधा असते आणि तिच्यापुढे एफबी, एफसी किंवा एफडी अशी अक्षरे असतात. एफबी साधे, एफसी कमी धुराचे, आणि एफडी कमी धुराचे असून गरम इंजिन आतून अधिक स्वच्छ ठेवणारे. पाठीवरच्या पंपाला एफसी किंवा एफडी घ्यावे. धूर ज्याच्या नाकाशी येणार तो माणूस इंजिनापासून वीतभर अंतरावर असतो, हेही ध्यानात घ्या.

टीसी-डब्ल्यू३ अशी खूण असलेले आणखी एक ऑईल मिळते. ते होडीच्या मागे बसवतात त्या पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीसाठी असते. त्या मोटारीला अखंड थंड पाणी मिळते, म्हणून तिचे ऑईल राख न करणारे पण कमी उष्णतेला पुरणारे असते. आपला पंप हवेने थंड होतो, म्हणून तो जास्त तापतो. होडीचे ऑईल महाग असले तरी पंपाला योग्य नव्हे, आणि पंपाचे ऑईल होडीच्या मोटारीला योग्य नव्हे. ज्याचे त्याला शोभते.

प्रमाणाचा आकडा उलटा वाचू नका

सर्वांत मोठी चूक येथे होते. झाकणावर २५:१ वाचून कित्येक जण लिटरला २५ मिली ऑईल घालतात. २५:१ चा अर्थ २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑईल. एक लिटर म्हणजे १००० मिली. त्याला २५ ने भागले की ४० मिली येतात. म्हणजे २५ मिली घालणाऱ्याचे इंजिन प्रत्येक लिटरमागे १५ मिली ऑईलला उपाशी राहते. आकडा जितका मोठा, तितके ऑईल कमी. हा तक्ता कापून डब्यावर चिकटवा :

२५:१ – एका लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली
३०:१ – एका लिटरला ३३ मिली, ५ लिटरला सुमारे १६५ मिली
४०:१ – एका लिटरला २५ मिली, ५ लिटरला १२५ मिली
५०:१ – एका लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली

यातले कोणते घ्यावे? यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेले तेच घ्यावे. काही पुस्तकांत दोन आकडे असतात : उंची ऑईलला ५०:१ आणि साध्या टू-टी ऑईलला २५:१. अशा वेळी ऑईल साधे आणि प्रमाण ५०:१, अशी सरमिसळ करू नये. पुस्तक हरवले असेल आणि झाकणावरचा आकडा पुसला असेल, तर विक्रेत्याकडून माहिती मिळेपर्यंत चांगले ऑईल २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली घालावे. थोडा धूर होईल, प्लग पुसावा लागेल. पण पुसलेला प्लग पुन्हा चालतो, चिकटलेला पिस्टन चालत नाही.

पुष्कळ वयस्क शेतकरी विचारतात, "साहेब, स्कूटरले टाकत होतो तेवढंच याले टाकलं तं का बिघडते?" स्कूटर रस्त्यावर धावते, तिला वारा लागतो, चढ-उताराप्रमाणे तिची गती कमी-जास्त होते. पाठीवरचा पंप पावलापावलाने चालणाऱ्या माणसाबरोबर, भर उन्हात, तासन्‌तास पूर्ण गतीने फिरत असतो. म्हणून जुन्या सवयीचे माप नव्या यंत्राला लावू नये.

उलट, "जास्त ऑईल म्हणजे जास्त आयुष्य" हेही खरे नाही. जादा ऑईल पुरते जळत नाही. प्लग ओला होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते आणि यंत्राची ताकद घटते.

मापावे कसे, मिसळावे कसे?

झाकणाने किंवा अंदाजाने ओतू नये. प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. जनावरांच्या औषधाच्या दुकानात ५० मिलीची सिरिंज मिळते. सुई न लावता तिने ऑईल मापावे. कीटकनाशकाचे माप यासाठी वापरू नये आणि ऑईलचे माप कीटकनाशकाला वापरू नये.

डब्यात आधी निम्मे पेट्रोल घ्या, त्यात सगळे ऑईल घाला, झाकण लावून चांगले हलवा, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवा. पंपाच्या टाकीत वेगवेगळे ओतून मिश्रण करू नका. ऑईल तळाशी बसते. टाकी भरण्याआधी दर वेळी डबा हलवा आणि बारीक जाळीच्या गाळणीतून ओता.

इथेनॉलमुळे एक नवी काळजी

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात दमट हवेतून आणि उघड्या झाकणातून पाणी शिरते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. इंजिन तर तळाचेच ओढते. म्हणजे तुम्ही ऑईल बरोबर मापून घातले तरी ते इंजिनाला मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. एक-दोन दिवसांच्या फवारणीपुरतेच मिश्रण करा. डबा घट्ट बंद ठेवा. मागच्या हंगामातले उरलेले पेट्रोल वापरू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरणार नाही. जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिरल्या आहेत का, तेही हंगामाआधी पाहा.

यंत्र काय सांगते ते ऐका

पाच-सहा टाक्या फवारून झाल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि प्लग काढून पाहा. टोक तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळे आणि ओले असेल तर ऑईल जास्त आहे किंवा हवेची जाळी भरली आहे. कोरडे, पांढरट असेल तर इंजिन फार तापते आहे, मिश्रण तपासा. चालता चालता ताकद कमी झाली आणि आवाज बदलला तर रेटून चालवू नका, लगेच बंद करा.

घरातल्यांनी हे जपावे

टू-टी ऑईलला लाल, निळा किंवा हिरवा रंग असतो. शीतपेयाच्या बाटलीत ते मिश्रण लेकराला सरबतच वाटते. म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल कधीही ठेवू नका. डबा चुलीपासून आणि लेकरांच्या हातापासून दूर ठेवा. कोणी चुकून प्याले तर उलटी करवू नका; तडक दवाखाना गाठा. टाकी भरताना पंप पाठीवरून उतरवा, इंजिन थंड होऊ द्या आणि जवळ कोणी विडी पेटवू नये.

आणि सर्वांत शेवटचे. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणी मुळातच जोखमीचे काम. पंप मध्येच बंद पडला की माणूस भरलेल्या टाकीशी झटतो, औषधाच्या हाताने प्लग काढतो, तोंडाने नळी फुंकतो. ही वेळच येऊ नये. एका लिटर पेट्रोलला लागणाऱ्या ऑईलची किंमत एक-दोन कप चहाइतकी असते. ते मापून घातले तर इंजिन वाचते, उघडीप हातची जात नाही आणि पाठीवर पंप घेतलेला आपला माणूस वेळेवर घरी येतो.

यंदाच्या पहिल्या फवारणीआधी पंप अंगणात काढा, झाकणावरचा आकडा वाचा आणि तो खडूने डब्यावर लिहा. शंका आल्यास आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात अवश्य विचारा.