गस फ्रिंगचा सूड इतका थंड का?

'ब्रेकिंग बॅड' पाहिलं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

गस (जियानकार्लो एस्पोझिटो) वरून चिकनचं हॉटेल चालवणारा सालस माणूस, आतून ड्रग्जचा बडा व्यापारी. पण पैसा हे त्याचं खरं कारण नव्हेच. डॉन एलाडिओच्या स्विमिंग पूलपाशी हेक्टर सालामांकाने त्याचा जोडीदार मॅक्सला गोळी घातली आणि याला जमिनीवर दाबून ते बघायला लावलं. मॅक्स गेल्याचं दुःख आहेच, पण ती लाचारी त्याला जास्त डाचते, असं मला वाटतं.

वीसेक वर्षांनी त्याच पूलपाशी तो एलाडिओच्या टोळीला विषारी टकीला पाजतो. आधी स्वतः पितो! मग बाथरूममध्ये टॉवेल नीट घडी करून गुडघ्याखाली ठेवतो आणि शांतपणे ओकतो.

'बेटर कॉल सॉल'मध्ये तो बेशुद्ध हेक्टरला लहानपणची गोष्ट सांगतो. त्याच्या झाडाची फळं खाणारं कोआटी नावाचं जनावर पाय मोडून सापडलं, तर त्याने मारलं नाही, पाळलं. हेक्टरवरही तो महागडे उपचार करवतो, पण डोकं ताळ्यावर आल्याचं दिसताच ते बंद! शरीर लुळं, मेंदू जागा. हवं तेच झालं.

हेक्टरने आपल्या डोळ्यांत बघावं, 'माझ्याकडे बघ', हा हट्टच शेवटी गसला भोवला. हेक्टरला मारायला माणूस पाठवला असता तरी चाललं असतं. हा स्वतः गेला आणि व्हीलचेअरखाली बॉम्ब होता.