दीपावलीची कोडी : उत्तर एकच निघावे

दीपावली विशेषांकाची जुळवाजुळव सुरू झाली की आमच्याकडे एक मागणी हटकून येते. दवाखान्याच्या बाकावर ताटकळलेल्या रुग्णास अथवा औषधालयात पुडी बांधून होईपर्यंत उभ्या असलेल्या ग्राहकासही वाचता येईल असे दोन पानांचे काही द्यावे, अशी ती मागणी असते. शास्त्रीय लेख त्यास पेलत नाहीत आणि नुसते विनोद आपल्या अंकास शोभत नाहीत. उरते ते कोडे. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून मराठी वाचकास फराळाबरोबर वाचनाचीही सवय जडली आहे. शब्दकोड्याचा जन्म तर सणाच्या तोंडावरचाच. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत छापले गेले ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, नाताळास चार दिवस असताना.

वैद्यास मात्र कोडे घालण्याची कला बाहेरून आणावी लागत नाही. आपले निघंटू उघडावेत. पर्यायनामांची प्रत्येक ओळ म्हणजे एक कोडेच आहे. तोडली तरी पुन्हा रुजते म्हणून छिन्नरुहा, आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते म्हणून चक्रलक्षणिका, वासरे आवडीने खातात म्हणून वत्सादनी. हे तीन दाखले दिले की खेड्यातील शेतकरी गुळवेलीचे नाव विद्यार्थ्याच्या आधी सांगेल, कारण त्याने ती तोडलेली असते आणि कुंपणावर लोंबकळत पुन्हा फुटलेलीही पाहिलेली असते. चित्रकास अग्नीची सारी नावे दिली, मुस्तेस मेघाची. अपामार्गाची खरमंजरी आणि प्रत्यक्पुष्पी ही नावे तर हाताला लागल्याशिवाय कळतच नाहीत. तुरा बोटांत धरून खालून वर ओढावा, म्हणजे 'खर' का म्हटले ते समजते. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आघाड्याची फांदी अंगावरून फिरविण्याची रीत आहे. तो आघाडा आता शहरातील किती मुले ओळखतात, हे एकदा आपल्या प्रतीक्षाकक्षात विचारून पाहावे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच अंकात घडलेली चूक येथे सांगणे उचित होईल. देवनागरी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसते. काना-मात्रा व जोडाक्षर त्याच चौकटीत. आम्ही 'अमृता' असा संकेत देऊन चार चौकटी आखल्या होत्या. गुडूची तीन अक्षरी म्हणून ती आपोआप बाद, असा आमचा हिशेब. उत्तर 'हरीतकी' छापले. पाठोपाठ पत्रे येऊ लागली. आमलकीसही भावप्रकाशात अमृता म्हटलेले आहे, तीही चार अक्षरी, आणि शेवटचे अक्षर पुन्हा 'की'. आमचा उभा शब्द नेमका त्या 'की'मधूनच जात होता! दोन्ही उत्तरे बिनतक्रार बसत होती. आम्ही दिलगिरी छापली. त्या पत्रांतील एका औषधालयचालकांचे वाक्य मात्र अद्याप मनातून जात नाही. त्यांनी लिहिले होते की, आपली चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते, आमच्या काउंटरवरून गेलेली पुडी परत येत नाही.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. महाराष्ट्रात सामान्य ग्राहक 'ब्राह्मी' मागतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा मंडूकपर्णीचे गोल पान असते, वैद्याच्या चिठ्ठीत जलब्राह्मी अभिप्रेत असू शकते. शंखपुष्पी म्हणून केरळात गोकर्ण वापरतात. रास्नेची कथा तर प्रांतागणिक निराळी : उत्तरेत एक क्षुप, बंगालात झाडावर वाढणाऱ्या वांद्याची मुळे, केरळात कुलंजनाच्या जातीचा कंद. नाव एक, उत्तरे तीन, आणि तिन्ही ठिकाणी ग्राहक समाधानाने घरी जातो.

गुळवेलीबाबत हा प्रश्न कोड्यापुरता राहिला नाही. २०२१ साली मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, त्यात महत्त्वाचा मुद्दा हा होता की घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची ओळख पटविलेली नाही. पुढे २०२२ मध्ये मंत्रालयानेच टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला जवळच्या वेलीबाबत सावध केले. तिच्या खोडावर दाट गाठी असतात. वादाचा निवाडा येथे करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु करोनाच्या काळात परसातील वेल तोडून काढा करणाऱ्या कुटुंबास ती वेल कोणी ओळखून दिली होती, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या दारात उभा आहे.

म्हणून आम्ही कोडे रचताना दोन बंधने पाळू लागलो. एकाहून अधिक उत्तरे निघतील असा पर्याय संकेत म्हणून द्यावयाचा नाही. द्यावयाचाच तर 'हे नाव किती वनस्पतींचे?' असे उघड विचारावे. दुसरे, उत्तरात केवळ ओळख सांगावी, गुणकर्म आणि मात्रा सांगू नये. यावर काही वैद्यबंधू नाराज असतात. त्यांच्या मते उपयोग सांगितल्याशिवाय वाचकास गोडी वाटत नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. ओळख पटली की लोक पुढचे विचारावयास स्वतः आत येतात.

यंदाची कोडी पुढीलप्रमाणे. पान कापून दर्शनी भागात लावावयास हरकत नाही, मात्र उत्तरांचा भाग दुमडून ठेवावा.

उलट वाचा, सुलट वाचा, तीन अक्षरे तीच. धनत्रयोदशीस सराफाकडून आणतात, पण वैद्य याच नावाच्या झाडापासून जपून राहावयास सांगतो. ते नाव कोणते?

राहणे मातीत, नाव ढगाचे, आणि दिवाळीच्या पहाटे उटण्यातून अंगावर. कोण?

पानास पाच बोटे, हात गंधर्वाचा, वैर वाताशी. कोण?

शिवारातून घरी येताना कोणी बोलाविले नाही तरी कपड्यांस बिलगून येतो, आणि नरक चतुर्दशीस मात्र मानाने आणावा लागतो. कोण?

आयुर्वेद दिन धनत्रयोदशीस असतो. बरोबर की चूक?

उत्तरे : पहिले कनक. सोने हा एक अर्थ, धोत्रा हा दुसरा. कनकासवातील कनक तो हाच. औषधद्रव्यांच्या नियमावलीतील अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांत त्याची गणना आहे, हे औषधालयचालकांनी ग्राहकास आवर्जून सांगावे. दुसरे नागरमोथा. तिसरे एरंड, पंचांगुल, गंधर्वहस्त व वातारि ही त्याचीच नावे. चौथे आघाडा. पाचव्याचे उत्तर चूक. २०१६ पासून हा दिवस धन्वंतरी जयंतीस, म्हणजे धनत्रयोदशीस होत असे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबर या ठरावीक तारखेस पाळला जातो. जुन्या अंकातील कोडे जपून ठेवले असल्यास तेथील उत्तर कृपया खोडावे.