काचपट्टीवरचा संसार

‘पॅप’ चाचणीचे नाव आपल्या वाचक भगिनींपैकी अनेकींनी ऐकले असेल. काहींनी ती करूनही घेतली असेल. हे ‘पॅप’ म्हणजे एका आडनावाचा तुकडा आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते आडनाव पापानिकोलाऊ. ते जॉर्ज यांचे होते, तसेच त्यांच्या पत्नी अँड्रोमाकी यांचेही. आणि या चाचणीवर दोघांचाही सारखाच हक्क आहे, असे माझे मत आहे.

जॉर्ज यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमधील एव्हिया बेटावर, कीमी या गावी झाला. वडील डॉक्टर. मुलाने आपलीच वाट धरावी, ही त्यांची इच्छा. मुलाने १९०४ मध्ये अथेन्सहून वैद्यकाची पदवी घेतली खरी, पण मन रमले ते जीवशास्त्राच्या संशोधनात. १९१० मध्ये म्युनिक येथे डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी लष्करी घराण्यातील अँड्रोमाकीशी त्यांचा विवाह झाला.

बाल्कन युद्धात सैनिकी डॉक्टर म्हणून सेवा केल्यानंतर १९१३ च्या ऑक्टोबरात हे जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. प्रवेशासाठी आवश्यक तेवढेच, म्हणजे २५० डॉलर जवळ होते. इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. अँड्रोमाकी एका मोठ्या दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर गुंड्या शिवू लागली. म्युनिकचे डॉक्टरसाहेब गालिचे विकायला उभे राहिले, ते एकच दिवस! पुढे उपाहारगृहात व्हायोलिन वाजवून आणि ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी करून त्यांनी दिवस काढले. १९१४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली आणि पाठोपाठ अँड्रोमाकीही तेथे आली. ती त्यांची साहाय्यक होती, आणि बराच काळ विनावेतन.

तेथे काम होते गिनिपिगवर. मादीच्या बीजांडाची नेमकी अवस्था कळण्यासाठी तिला मारावे लागे. जॉर्ज यांनी नाक तपासण्याचे छोटे उपकरण वापरून योनिस्राव काचपट्टीवर घेतला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठरावीक क्रमाने बदलताना दिसल्या. प्राणी जिवंत ठेवून त्याच्या शरीराची घडी वाचता येऊ लागली. १९१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मग प्रश्न आला मानवी स्त्रीचा. त्या काळी असा नमुना रोज कोण देणार? अँड्रोमाकीने दिला. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे. वीस वर्षांहून अधिक काळ. निरोगी स्त्रीच्या पेशी महिनाभरात कशा बदलतात, हे शास्त्राला कळले ते एका गृहिणीच्या या नित्यनेमामुळे. निरोगी पेशी ओळखता आल्या, म्हणूनच इतर स्त्रियांच्या काचपट्ट्यांवरील विकृत पेशी नजरेत भरल्या. मूल होऊ द्यायचे नाही, असे या दांपत्याने ठरवले होते. दिवसभर प्रयोगशाळेत एकत्र काम, संध्याकाळी एकत्र घरी परतणे, सुट्ट्या जवळजवळ नाहीतच. अशा माणसास कुटुंबवत्सल म्हणावे काय, असे कुणी विचारील. संसार होता, फक्त प्रयोगशाळा आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती. त्याची किंमत कोणी अधिक मोजली, हे सांगायला नको.

१९२८ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे जॉर्ज यांनी, काचपट्टीवरील पेशींतून गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखता येतो, असे मांडले. प्रतिसाद थंड होता. तुकडा कापून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा तज्ज्ञांचा सूर होता. शस्त्रक्रियेला काही दिसण्याआधी, स्त्रीला काही जाणवण्याआधी हा बदल सापडतो, हे पटायला तेरा वर्षे जावी लागली. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा जॉर्ज साठीला टेकले होते.

‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा प्रश्न आपल्या घरोघरी आजही ऐकू येतो. पण त्रास नसतानाच करायची ही तपासणी आहे. पेशींतील पहिल्या बदलापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो, आणि तेवढ्या अवधीत साध्या उपचारानेही रोग थोपवता येतो. नमुना घेण्यास काही मिनिटे पुरतात. पाळीचे दिवस मात्र टाळावेत. शरीरसंबंध सुरू झालेल्या स्त्रीने, विशेषतः तिशीनंतर, किती वर्षांनी तपासावे हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

काचपट्टी वाचायला मात्र प्रशिक्षित डोळे लागतात, आणि ते सर्वत्र नाहीत. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातील वस्त्यांत व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुख तपासण्याचा प्रयोग केला. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले: तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. साधन निराळे, विचार मात्र तोच: रोगाच्या आधी पोहोचण्याचा.

नोबेल पारितोषिक जॉर्ज यांना मिळाले नाही. १९६१ मध्ये ते मायामीला एका कर्करोग संशोधन संस्थेची धुरा घेण्यास गेले आणि १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. अँड्रोमाकी तेथेच काम करीत राहिल्या. त्यानंतर त्या वीस वर्षे जगल्या.